तेमिरखानचं ओळखपत्र

कोनायेव शहर

आईस,
रौशनचा सलाम. मी बरी आहे, खोली उबदार आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

पेटी उघडलीस तर घाबरू नकोस. दफनानंतर सरकारजमा करायचं सोडून तू जपलेलं तेमिरखानचं ओळखपत्र माझ्याजवळ आहे.

जुगारघराच्या दारात मी वय तपासते. एकविसाच्या आतल्याला सोडता येत नाही. काल आपला धाकटा बगलान तेच कार्ड घेऊन आला. तोंडवळा थोरल्या तेमिरखानसारखाच. यंत्रानं दाखवलं, ‘वय चोवीस, प्रवेश द्या.’

“यंत्राला चालतं, मग तुला काय होतंय, ताई?” म्हणाला. मी कार्ड काढून घेतलं, त्याला हाकललं. त्याला मारू नकोस.

आई, आपला तेमिरखान चार वर्षांपूर्वी, विसाव्या वर्षीच गेला. क्षणभर मलाही वाटलं, चोवीस वर्षांचा होऊन तोच दारात उभा आहे.

कार्ड जमा करायला माझाही हात धजत नाही.

तुझी,
रौशन