पांगाऱ्याच्या ठकीची आधीची गोष्ट

रवि. १२ जाने.
आज रेवतीने ओढूनच नेलं. दर रविवारी दुपारी पेडण्याला निखिलच्या घरी तिच्या कॉलेजातल्या मुलांचा खेळ चालतो. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं, फासे टाकायचे, आणि निखिल सांगतो त्या राज्यात तोंडानेच फिरायचं. त्यांच्यातला एक जण नोकरीसाठी पुण्याला गेला, जागा रिकामी. रे.ने सगळ्यांना सांगून ठेवलेलं, माझे पप्पा लग्नाआधी दशावतारात स्त्रीपार्ट करायचे, ऐनवेळी वाटेल ते बोलतात.
यादीत राक्षस, बुटके, मांत्रिक. मी जिवंत बाहुली घेतली. पांगाऱ्याच्या लाकडाची, सावंतवाडीच्या खेळण्यांसारखी. नाव ठकी.
निखिल म्हणाला, काका, तिची आधीची गोष्ट लागेल. कुणी घडवली, जीव कसा आला, कशाला घाबरते. तिथल्या तिथे रचली. सुताराची बायको मुकी. तिला सोबत म्हणून त्याने बाहुली केली, तर बाहुली बोलायला लागली आणि बायकोच्या मनातलं सगळं त्याला सांगत सुटली. पोरं खूश. कशाला घाबरते? आगीला, म्हटलं. सगळे हसले.
बरं वाटलं खूप दिवसांनी.
येताना स्कूटरवर रे. म्हणते, पप्पा, तू एकदाही हसला नाहीस.
मी तर हसलो होतो.

बुध. १५ जाने.
चांदेलच्या उतारावर शाळेच्या बसचा ब्रेक उशिरा लागला. ब्रेक चांगला आहे, गेल्या महिन्यात बघून घेतलाय. पायच उशिरा आला. मी दाब म्हटलं आणि त्याने ऐकायला वेळ घेतला. पुढे गाय होती, ती आपसूक बाजूला झाली. मुलं गाणं म्हणत होती. मागे बसवरची मदतनीस सावित्री लहानग्यांच्या बॅगा सांभाळत होती, तिला कळलं नाही.
उ. हाताचा अंगठा पुन्हा. बसल्या जागी हलतो, काही धरलं की थांबतो. चतुर्थीपासून आहे. स्टिअरिंग धरलेलं असतं म्हणून कुणाला दिसत नाही.

शुक्र. २४ जाने.
म्हापशाला डॉक्टरकडे. बायकोला, शैलाला, सांगितलं, बसच्या कागदांचं काम आहे.
बोटं उघडायला-मिटायला लावली. चालायला लावलं, मग वळायला. वळायला मला सात पावलं लागली, त्याने मोजली. माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिला, मग विचारलं की तुम्ही पहिल्यापासून असेच गंभीर आहात का. मी! ज्याने राणी होऊन अख्ख्या जत्रेला रडवलंय.
आजाराचं नाव सांगितलं. इथे लिहीत नाही. जीव लगेच जात नाही म्हणे. शरीर ताठ होत जातं, हळू होतं, चेहरा हलायचा कमी होतो. गोळ्यांनी फरक पडतो.
मग विचारलं, काम काय करता. सांगितल्यावर त्याने पेन खाली ठेवलं. "मुलांची बस उद्यापासून बंद. शाळेला तुम्ही स्वतः सांगायचं."
हो म्हटलं.
घरी येऊन शै.ला सांगितलं, कागद झाले.

शनि. २५ जाने.
बस नेली.

रवि. २६ जाने.
झेंडावंदनाची मुलं सोडून आल्यावर ठकीची गोष्ट नीट लिहून काढली. निखिलला कागदावर हवी होती. पहिली मोडली, दुसरी रचली. ठकी आधी बाई होती, दरबारात नाचणारी. एके दिवशी उ. हात जड झाला. मग खांदा, मग गाल. राजवैद्याला नाडी लागेना, तेव्हा त्याने सुताराला बोलावलं. दीड पान एका बैठकीत झालं. लिहिताना घाम आला.
निखिलने वाचलं. चांगलं आहे म्हणाला, पण उलटं आहे. "काका, बाहुलीला जीव येतो. इथे जिवंत बाईची बाहुली होतेय. नियमात बसत नाही."
कागद खिशात घातला. रे.ने बघायला मागितला, दिला नाही.

शुक्र. ३१ जाने.
गोळ्यांचा सहावा दिवस. टूलबॉक्समध्ये ठेवल्यात, स्पॅनरच्या खाली. अंगठा शांत. पाय वेळेवर येतोय. डॉक्टरही माणूसच, चुकू शकतो. आज उतारावर मुद्दाम तीनदा ब्रेक मारून बघितला, तिन्ही वेळा बरोबर. सावित्री म्हणाली, दामूबाब, आज गाडी उडयतास कित्याक? पोरांना गाडी उडाल्याची मजा वाटली.
मार्चअखेर परीक्षा. तेवढे दोन महिने काढले की सुट्टीत सांगेन. असं ठरवलं.

बुध. ५ फेब्रु.
बस लावून आल्या आल्या लिहितोय.
दुपारची फेरी. वडाजवळच्या थांब्यावर पहिलीतली दुर्वा उतरली. रोजच्यासारखी बसच्या पुढून पलीकडे निघाली, पलीकडे तिची आजी उभी. मी क्लच सोडत होतो. ती मला दिसली. मी तिला पूर्ण बघितलं, रिबिनीसकट, आणि पाय उचलून ब्रेकवर न्यायचा एवढंच काम, ते होईना. जमिनीला शिवल्यासारखा. बस सरकत राहिली. हँडब्रेक डाव्या हाताने ओढला.
पोर वीतभर अंतरावर. तिने बसच्या नाकावर हात टेकला आणि हसली. तिला वाटलं मी खेळतोय.
आजीने बघितलं नाही, ती शेजारणीशी बोलत होती. सावित्रीने बघितलं. पुढे येऊन हळूच विचारलं, "पाय अडकलो?" चप्पल घसरली म्हटलं. तिने माझ्या पायांकडे बघितलं. मी बूट घालतो. मग जागेवर जाऊन बसली. शेवटच्या थांब्यापर्यंत तिची नजर पाठीत टोचत होती.
ती कुणाला सांगणार नाही. तेच भयंकर आहे.

गुरु. ६ फेब्रु.
नेली. वीसच्या वर जाऊ दिली नाही. वडाजवळ इंजिनच बंद केलं आणि सगळी मुलं लांब जाईपर्यंत चालू केलं नाही. शै. विचारते, जेवण का टाकलंत.

रवि. ९ फेब्रु.
जायचं नव्हतं. रे.ने स्कूटर काढून ठेवली होती.
निखिल म्हणाला, काका, आज तरी ठकीची गोष्ट पक्की करून टाकू. कागद नव्हता. तोंडाने सुरू केलं, रंगमंचावर करायचो तसं, पुढचं वाक्य माहीत नसताना.
ठकी एका नदीकाठी राहते. गावातल्या मुलांना खांद्यावर बसवून पलीकडच्या पाठशाळेत सोडते, हेच तिचं काम. लाकूड बुडत नाही म्हणून गावाचा तिच्यावर विश्वास. एके दिवशी तिच्या गुडघ्यात वाळवी लागते. बाहेरून काही दिसत नाही. आत पोकळ होत चाललंय हे फक्त तिला माहीत. सांगितलं तर फळीवर बसवतील, मग ती लाकूडच. म्हणून ती रोज पाण्यात उतरते. एक मुलगी तिच्या मानेला धरून हसत असते.
इथे थांबलो. पुढचं वाक्य आलं नाही. निखिलने विचारलं, मग ती सांगते की नाही? अजून ठरलं नाही म्हटलं.
रे. माझ्या हाताकडे बघत होती. मेजावर होता, उघडा. धरायला काही नव्हतं.
येताना अर्ध्या वाटेत तिने स्कूटर थांबवली. "पप्पा, तू डॉक्टरकडे गेलेलास?"
दोन्ही बाजूला काजूची झाडं, मोहोर आलेला. सगळं सांगितलं, दुर्वाचंही. मला वाटलं रडेल. तिने विचारलं, बस उद्या कितीला निघते. पावणेसात म्हटलं. "म्हणजे शाळेला त्याच्या आधी कळायला हवं. तू करतोस फोन की मी करू?"
संध्याकाळी शै.ला तिघं बसून सांगितलं. म्हणजे रे.ने सांगितलं, मी मान हलवली. शै. उठून विहिरीवर गेली.

सोम. १० फेब्रु.
सकाळी सहाला मुख्याध्यापिकाबाईंना फोन केला. बस दारातच उभी ठेवली. मुलांना शाळेने कसं आणलं, माहीत नाही.
दहाला अर्ज घेऊन गेलो, रे. बरोबर. बाईंनी वाचला, चष्मा काढला. "दामोदर, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" खोटी तारीख जिभेवर आली होती. चोवीस जानेवारी म्हटलं. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. बराच वेळ मोजत होत्या. मग पाच तारखेचंही सांगितलं. वडाजवळचं.
त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. दुर्वाच्या घरी मीच सांगते, म्हणाल्या, तुम्ही जाऊ नका. गुरुवारी कमिटीपुढे या, डॉक्टरचे कागद घेऊन. पुढचं तेव्हा.
दारात सावित्री उभी होती. तिलाही बोलावलेलं. माझ्यामुळे.

मंगळ. ११ फेब्रु.
सव्वासहाला नवा ड्रायव्हर चावी न्यायला आला. वाळपईकडचा, तरुण. थांब्यांची यादी हवी होती. पायरीवर बसून लिहिली. पहिली चार नावं ठीक, मग अक्षर बारीक होत गेलं, शेवटची मुंगीएवढी. मुद्दाम मोठं काढायला गेलो, होईना. रे.ने कागद घेतला आणि आपल्या अक्षरात पुन्हा लिहिला. वडाजवळ मुलं पुढून जातात, तिथे थांबूनच राहायचं, हे तिने खाली दोन रेघा मारून लिहिलं.
बस दहा मिनिटं उशिरा सुटली. वळणावर त्याने माझ्यापेक्षा चांगला गिअर टाकला.
अंगणात उभा होतो. पोदेर पावाचे उंडे देऊन गेला. दुर्वाच्या घरून कुणी आलेलं नाही. दर थोड्या वेळाने फाटकाकडे बघतो. गुरुवारला दोन दिवस आहेत.
शै. रविवारपासून बोलत नव्हती. आत्ता चहाचा कप ठेवला, पूर्ण भरलेला नाही, अर्धा. तिने अर्धा भरला हे माझ्या लक्षात आलं, आणि माझ्या लक्षात आलेलं तिच्या. जनेलाबाहेर बघत म्हणाली, "उद्या किती वाजता उठवू तुमका?"
इतकी वर्षं ती पाचला उठवते.
चहा निवला. किती वाजता, ते अजून ठरलं नाही.