सहा जण गैरहजर

१२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

आपलं कलाकेंद्र बंद करण्याचा ठराव एकोणतीस तारखेच्या सभेत येणार, हे आज पक्कं झालं. खुद्द अध्यक्षांनीच सांगितलं, आणि तेही मी त्यांच्या खुर्चीत आ वासून बसले असताना. आमचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर, हे तुला ठाऊक आहेच. डाव्या दाढेत कापूस कोंबलेला, डोळ्यांवर दिवा, आणि ते म्हणताहेत की एकोणीस वर्षं सांभाळलं, आता होत नाही, जागा पालिकेला परत करून मोकळं होऊ. मला नुसता घशातून आवाज काढता आला. तो त्यांनी होकार धरला असावा.

माणूस वाईट नाही. गेल्या तीन सभांत त्यांनी विचारलं की माझ्यानंतर कोण बघेल, आणि तिन्ही वेळा आम्ही सगळे बिस्किटांच्या बशीकडे बघत बसलो. मीसुद्धा. चित्रकलेच्या वर्गाला तीन मुली उरल्यात, नाचाची खोली कुलपात आहे, मातीकामाच्या बाई केव्हाच सोडून गेल्या. नीट चालतो तो फक्त गुरुवारचा समूहगायनाचा वर्ग.

आणि माझा जीव अडकलाय तो त्याच्यातच. ह्यांची वाचा गेली त्याला आता दीड वर्ष होईल. तीस वर्षं वर्गात भूगोल शिकवलेला माणूस, पाणी हवं तर पेल्याकडे बोट दाखवतो. पण तिथे चौदा जणांच्या मध्ये उभं राहून गायला लागले, की शब्द सुरांबरोबर बाहेर येतात. पहिल्यांदा ‘नदी’ आला होता, तेव्हा मी जिन्यात जाऊन रडले होते. वर्ग सुटल्यावरही पाव तास ते टिकतात. केंद्रापासून आमच्या कोपऱ्यापर्यंत आम्ही चालत येतो, तेवढ्यात हे चार गोष्टी बोलतात. कोपरा वळला की संपलं. आठवड्यातला आमचा संसार तेवढाच आहे बघ.

म्हणून विचारते. संस्थेची घटना तू वकिलांकडे कारकून असताना लिहून दिलीस. मंडळात आम्ही अकरा. डॉक्टर धरून पाच त्यांच्या बाजूचे. माझ्यासारखे विरोधातले तीन. उरलेले तिघे असे, की डॉक्टरांपुढे तोंड उघडतात पण बोलत नाहीत. मत द्यायला उभे केले तर त्यांचा भरवसा नाही. पण पालिकेशी करार एकतीस मार्चला संपतो, आणि त्याआधी आम्ही जागा सोडतो असं कळवलं नाही तर तो आपोआप पाच वर्षं पुढे जातो. सभेला पंधरा दिवसांची नोटीस लागते. म्हणजे ही एकच सभा बारगळली तर दुसरी घ्यायला वेळच नाही. आम्ही सहा जण गेलोच नाही तर?

तुझ्या गुडघ्याचं कळव. उत्तराला नेहमीसारखा महिना लावलास तर कान धरायला स्वतः येईन.

तुझी
ताई

*

१७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र काल मिळालं, उत्तर आज लिहितोय. कान वाचले.

तुझ्या डोक्याला तोड नाही. वकिलांकडे बत्तीस वर्षं मी घासली आणि अक्कल तुला आली. गणपूर्ती सहाची आहे, डोळे मिटून सांगतो. अकराच्या निम्म्याहून जास्त, असं मीच घातलं होतं. सहा जण नसतील तर सभा नाही, सभा नाही तर ठराव नाही. मत द्यायच्या फंदात मुळीच पडू नकोस. भिडस्त माणसांना हात वर करायला सांगण्यापेक्षा घरी बसायला सांगणं केव्हाही सोपं.

घटनेची माझी प्रत माळ्यावरच्या ट्रंकेत आहे. गुडघ्यामुळे शिडीवर चढायला आमच्या सरकारांनी बंदी घातली आहे, आणि त्यांनी स्वतः चढावं असं म्हणायची माझी हिंमत नाही. पण काढायची गरजही नाही. अक्षर माझं, वाक्यं माझी, पोरांची नावं विसरेन पण ती नाही विसरायचो.

भाऊजी बोलतात हे वाचून मी पत्र बाजूला ठेवून अंगणात दोन फेऱ्या मारल्या. यावेळी काय काय बोलले ते सविस्तर लिही. सभेच्या दिवशी मात्र केंद्राच्या खिडकीतून डोकावूही नकोस.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझा
धाकटा

*

२२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

सहाच्या सहा जण तयार झाले. केंद्रासमोर दुकान असलेली शिंपीणबाई आणि फोटोग्राफर आपलेच होते. बाकीच्या तिघांकडे मी पाय झिजवायच्या तयारीने गेले, तर बेकरीवाल्यांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी पाव बांधून दिला. आजवर सभेला या म्हणून लोक मागे लागायचे, येऊ नका म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या, असं फोटोग्राफर म्हणाला. पोस्टातल्या काकांनी तर त्या दिवशी ताप येईल असं आत्ताच जाहीर करून टाकलंय. ग्रंथपालाने नुसती मान हलवली. तो ग्रंथालयात दुसरं करतोही काय.

परवाच्या गुरुवारी येताना ह्यांनी विचारलं की समोरच्या घराला पडदे नवे लावलेत का. मी म्हटलं, हो, निळे. तर म्हणाले, रंग वाईट आहे. एवढंच. तू सविस्तर लिही म्हणालास म्हणून लिहिलं.

एक सांगायचं राहिलं. काल आमच्या चिटणीस, शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या त्या, घरी आल्या. त्या डॉक्टरांच्या पाचांतल्या. सभेला येणार ना, असं विचारलं. मी ह्यांच्या तब्येतीचं निमित्त पुढे केलं. खोटं बोलताना मी भांडी पुसत होते ते बरं झालं. त्या बराच वेळ दारात उभ्या होत्या, काहीतरी बोलायचं असावं. मग गेल्या. मला वाटतं, टेहळणी करायला आल्या असाव्यात.

सभेच्या वेळी आम्ही सगळे शिंपीणबाईंच्या दुकानात जमायचं ठरलंय. खिडकीतून बघू नकोस म्हणालास, पण एवढं तरी बघू दे.

तुझ्या सरकारांना माझा नमस्कार, आणि ती शिडी आणखी उंच ठेवायला सांग.

तुझी
ताई

*

३० मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

ठराव मंजूर झाला. चार विरुद्ध एक.

कसं झालं ते लिहिते. आम्ही सहा जण दुकानात शिवणयंत्रांच्या मध्ये दाटीवाटीने बसलो होतो. कपडे घालून बघायच्या जागेचा पडदा आम्ही खिडकीला लावला आणि फटीतून आळीपाळीने बघत होतो. पाच वाजता तिकडे पाच जण बसले. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, रिकाम्या खुर्च्या पाहिल्या. मग कोणी काही करेना. पोस्टातल्या काकांना हसू आवरेना, तापात माणूस इतका हसतो का म्हणून आम्ही त्यांना चिडवत होतो. चहा आला, बेकरीवाल्यांनी केक आणला होता. अर्धा तास आम्ही तिथे खातपीत बसलो, आणि ते पाच जण समोर तसेच बसून होते. आम्हाला वाटलं, उठायची लाज वाटत असेल.

साडेपाचला डॉक्टरांनी एक कागद वाचला. वाचताना दोनदा चष्मा काढला. मग हात वर झाले. चार मोजले आम्ही. सभा रद्द करायला हात वर केलेत असं फोटोग्राफर म्हणाला, आणि धाकट्या, आम्ही टाळ्या वाजवल्या.

मुख्याध्यापिका रस्ता ओलांडून सरळ दुकानात आल्या. आम्ही तिथे आहोत हे त्यांना पहिल्यापासून दिसत होतं. पडदा पारदर्शक होता की काय कोण जाणे. त्यांनी सांगितलं की घटनेप्रमाणे तहकूब सभा अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरते आणि तिला गणपूर्ती लागत नाही. सतरावं कलम. त्यांनी एकटीने विरोधात मत दिलं होतं. त्या दिवशी माझ्या घरी त्या तेच सांगायला आल्या होत्या, पण अध्यक्षांच्या पाठीमागे बोलणं बरं दिसेना म्हणून परत गेल्या. तेवढ्यात बेकरीवाले खाली बघत म्हणाले की मी आलो असतो तर मीही विरोधातच दिलं असतं. काका म्हणाले, मीही. ग्रंथपालानेही मान हलवली. सात विरुद्ध चार झालं असतं. रस्ता तीस पावलांचा आहे आणि अर्धा तास आम्ही केक खात होतो.

ह्या मंडळावर मी अकरा वर्षं बसले. नियमांची वही हाताशी होती. शेवटपर्यंत एकदाही वाचली नाही. दोष कुणाला देत नाही. फक्त सांग, ते कलम खरंच आहे का.

ताई

*

४ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न.

आहे. काल मी शिडीवर चढलो. ही खाली शिडी धरून उभी होती आणि एक शब्द बोलली नाही, यावरून काय ते समज. सतराव्या पानावर सतरावं कलम, माझ्याच अक्षरात.

का घातलं तेही आठवलं. पहिल्या वर्षी तुमच्या सभांना कोणी फिरकत नसे. एकदा मी, तेव्हाचे अध्यक्ष आणि एक चित्रकार असे तिघेच दुपारभर वाट बघत बसलो होतो. छप्पर गळत होतं आणि डागडुजीचा साधा ठराव होईना. तेव्हा चित्रकाराच्या कागदावर मी ते कलम तिथल्या तिथे लिहिलं. मला ती फार हुशारी वाटली होती. माणसं आली नाहीत म्हणून संस्था मरू नये, यासाठी होतं ते.

आज जुन्या कचेरीत गेलो. आमच्या वकिलांचा मुलगा आता काम बघतो. त्याला प्रत दाखवली, ठरावाला आव्हान देता येईल का विचारलं. त्याने दोनदा वाचलं आणि म्हणाला की कुठे बोट ठेवायला जागा नाही, मसुदा फार पक्का आहे, कोणी केलाय. मी प्रत घडी घालून खिशात ठेवली. चहा घेतला आणि आलो.

ताई, मला शिव्या दे. तू दिल्या नाहीस तर मला झोप नाही. मी येऊ का? गुडघ्याचं बघता येईल. भाऊजींसाठी घरीच चार माणसं जमवून गाता येणार नाही का? डॉक्टरांना पुन्हा भेटून पाहिलंस का? मी काहीही लिहितोय, मला कळतंय. पण काहीतरी लिही.

तुझाच, करंटा
धाकटा

*

९ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

शिव्या देणार नाही. लहानपणी तू फोडलेल्या काचेबद्दलही मीच मार खाल्ला होता, आता सवय मोडायचं वय राहिलं नाही. बेत माझा होता. तू नुसता हो म्हणालास.

डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी खुर्चीत न बसवता समोर बसवलं. पालिकेला पत्र तीस तारखेलाच गेलंय, तिकडून स्वीकारल्याचं उत्तरही आलंय, आता मागे घेता येत नाही. तुम्ही सहा जण येऊन मला नाही म्हणाला असतात तर मला राग आला नसता, असं ते म्हणाले. मग माझी दाढ दुखते का विचारलं. त्यांच्याशी भांडायला गेले होते, ते राहूनच गेलं. इतिवृत्तात आमच्या सहा जणांपुढे ‘कारण न कळवता गैरहजर’ असं आहे. कच्चा मसुदा मीच वाचून दिला. त्यात दुरुस्ती करण्यासारखं काही नव्हतं.

घरी गाण्याचंही करून पाहिलं. रविवारी वर्गातल्या तिघी आल्या. एक तर दोन बस बदलून आली बिचारी. तिघींचा आवाज आमच्या बैठकीच्या खोलीत कसातरीच वाटत होता आणि मी चौथी, माझा सूर तुला माहीतच आहे. हे खुर्चीत बसून ऐकत राहिले. तोंड उघडलं, पण आवाज नाही. शेवटी उठून त्यांनी खिडकी लावून घेतली. पुढच्या रविवारी जमणार नाही असं तिघींनीही जाताना सांगितलं. वाचा शिकवणाऱ्या बाई म्हणतात, मोठ्या घोळक्यात त्यांना आपला एकट्याचा आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून तो निघत होता. असेल. पण घोळका आणायचा कुठून? जवळपास दुसरा वर्ग नाही. गायनाच्या बाई मंगळवारी मुलीच्या गावी राहायला जाताहेत, तिकडे त्यांना शाळेत काम मिळालंय. पियानो तीच शाळा घेऊन जाणार आहे.

तू येऊ नकोस. जिने चढावे लागतात, आणि आलास तर आपण दोघं समोरासमोर बसून एकमेकांना बरं वाटावं म्हणून बोलत राहू. पत्र मात्र लिहीत जा. केंद्राचं सोडून बाकीचं ह्यांना वाचून दाखवते.

पालिकेने जागा रिकामी करायला चौदा दिवस दिलेत, तेव्हा उद्याचा गुरुवार शेवटचा. सोमवारी अकरा वाजता पालिकेची माणसं येतील. मंडळातर्फे किल्ली द्यायला कोणीतरी हजर हवं, ते काम मी मागून घेतलंय. आत जुनी दप्तरं ठेवायची आहेत, त्यामुळे खिडक्या बुजवणार असं कळलं. पुढच्या गुरुवारी तीन वाजता हे नेहमीसारखे बूट घालून दाराशी येऊन उभे राहतील. त्यांना अजून मी काही सांगितलेलं नाही.

तुझी
ताई