डिस्क बदलायला येडशीला

दादा,

गेमच्या डिस्कचा खोका शोधू नकोस. तो घेऊन मी येडशीला श्रावस्तीकडं चाललेय. दूध तापवून ठेवलंय. तू माळ्यावर टाकलेला जुना कन्सोल मी परत टीव्हीला जोडलाय, त्याला हात लावायचा नाही.

तू आणलेला नवा लई भारी आहे, कबूल. पण त्याला डिस्क घालायची फटच नाही. गेम वायफायवरून उतरवायचे आणि आपल्याच खात्यात ठेवायचे. कुणाला द्यायला नकोत, कुणाकडून आणायला नकोत. "आता कुठं जायची गरजच न्हाय," तू म्हणालास, आणि आई लगेच म्हणाली, "बरं झालं." तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तुम्हाला डिस्कची अडचण नव्हतीच. माझं श्रावस्तीच्या घरी जाणं खुपत होतं.

कॉलेजपासून आम्ही दोघी डिस्कची अदलाबदल करतोय. तिची आई पिशवी कधी रिकामी देत नाही, डिस्कबरोबर शेंगाच्या चटणीचा डबा असतोच. तू ती चटणी बोटं चाटून खायचास. मग तिचं आडनाव कळलं आणि भरलेला डबा कचऱ्यात गेला.

आज मी तिथंच जेवणार आहे. संध्याकाळच्या एसटीनं नवी डिस्क घेऊन येईन, चटणीही आणीन. डबा तुझ्या ताटाशेजारी ठेवणार. फेकायचा असला तर माझ्यासमोर फेक. पण आधी चाखून सांग, चव कुठं बदललीय ते.

शिवप्रिया