मनगटाला बांधलेली दांडी

मी, हेक्टर ल्यूम्सडेन, वय वर्षे ऐंशी, निवृत्त गोल्फ शिक्षक, राहणार इन्व्हरकेल, फाइफ, स्कॉटलंड, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. उजवे मनगट मात्र पायरीवर पडून मोडले, ते प्लास्टरमध्ये आहे. म्हणून मजकूर मी सांगितला आणि वकीलबाईंनी टाइप केला.

कलम १. पंचेचाळीस वर्षे मी शिकवले की फटका मारताना मनगट हलता कामा नये. त्यासाठी लापशी ढवळायची लाकडी दांडी शिष्यांच्या डाव्या मनगटाला पट्ट्याने बांधत असे. हात वळला नाही की चेंडू उजवीकडे जातो, आणि आमच्या मैदानाच्या उजवीकडे समुद्र आहे. दोष मी वाऱ्याला दिला. वारा तक्रार करत नाही.

कलम २. 'स्थिर मनगट' या माझ्या अप्रकाशित ग्रंथाची दोनशे चौदा पाने शेगडीत घालावीत. कोरडी आहेत, चांगली पेटतील.

कलम ३. शेजारच्या मैदानाचा शिक्षक ड्युगल पेट्री मला आयुष्यभर म्हणत आला, "हेक्टर, कोपरापासून हात वळू दे, मनगट येतं त्याच्या मागनं. तू माणसांना शिकवतोस की खांबांना?" तो साक्षीदार असल्याने त्याला मालमत्तेतले काही देत नाही. माझ्या अंत्यविधीच्या दिवशी, व्हिस्की संपेपर्यंत, "मी सांगत होतो" असे म्हणण्याचा हक्क तेवढा देतो. दुसऱ्या दिवशी गप्प बसावे.

कलम ४. घर, शिल्लक आणि लांब फटक्याची माझी जुनी स्टिक मुलगी मॉर्व्हेन हिला. सोळाव्या वर्षी तिच्याइतका देखणा फटका गावात कोणाचा नव्हता. मी तिलाही दांडी बांधली.

ती म्हणाली, "बाबा, माझा हात आपोआप वळतो. वळू द्या ना त्याला."

मी म्हणालो, "हातानंच ठरवायचं तर मी कशाला आहे?"

तिने दांडी सोडून स्वयंपाकघरात ठेवली आणि पुन्हा मैदानात पाऊल टाकले नाही. गेली छत्तीस वर्षे ती त्याच दांडीने माझी लापशी ढवळते. त्यावर कधी एक शब्द बोललेली नाही. लापशी उत्तम असते.

गेल्या एप्रिलमध्ये ती अंगणात ओली चादर झटकत होती. हात वळला, मनगट सुटले, चादर सपकन उलगडली. तोच फटका होता. मी खिडकीत बसून रडलो. मॉर्व्हेन, चूक माझी होती. तोंडावर सांगायला जीभ रेटली नाही.

माझी राख मैदानावर विखुरताना तिने एक तरी फटका मारावा, अशी अट मी इथे घातली होती. टाइपही झाली होती. मग लक्षात आले, ही पुन्हा दांडी बांधणेच झाले. अट खोडली आहे.

सही वेडीवाकडी दिसली तरी माझीच समजावी. मनगट बांधलेले असल्याने कोपरापासून हात वळवून केली आहे.

हेक्टर ल्यूम्सडेन

साक्षीदार: ड्युगल पेट्री. सही माझ्यासमोर झाली. हात छान वळला.

इन्व्हरकेल, दि. ९ नोव्हेंबर २०१९