तंबूच्या दारातला भाकरतुकडा

मुक्काम तंबू नंबर नऊ,
जैसलमेरच्या पुढं, रस्ता संपतो त्याच्याही पुढं

तीर्थस्वरूप प्रमोदिनीताईस,

मुकुलचा साष्टांग नमस्कार. (इथं खरोखर साष्टांग घातला की मिशीत वाळू जाते, म्हणून तो पत्रातच घालतो.) तुझा गुडघा, दाजींची शुगर आणि सांगलीचं ऊन, तिन्ही आटोक्यात असावीत. माझी तब्येत उत्तम. वजन उतरलंय, पण ‘बारीक झालास रे’ म्हणायला इथं कुणी नाही.

अंदमानची सुट्टी संपवून परवा पुन्हा या तंबूत दाखल झालो. सोलरवाल्यांची जमीन अजून निम्मी मोजायची राहिलीय. आता खरं सांगतो. सुट्टीत सांगलीला येऊ का, असं मी फोनवर विचारलं, तेव्हा तू म्हणालीस, ‘अरे, रंगकाम काढलंय, झोपशील कुठं?’ मला राग आला आणि तोंडातून निघून गेलं की मी आपलं सहज विचारलं, माझं अंदमानचं ठरलंय. ठरलंय कसलं! तू लगेच ‘मजा आहे बाबा एका माणसाची’ म्हणालीस आणि मला जाणं भाग पडलं. आपल्या घरात बोललेलं मागं घ्यायची पद्धत नाही, हे तुला ठाऊकच आहे.

सहलीत आम्ही तेवीस माणसं होतो : अकरा नवी जोडपी आणि मी. पहिल्याच सकाळी एकानं ‘काका, एक फोटो काढता का?’ म्हणून मोबाइल हातात दिला. मी पडलो मोजणीदार; समुद्राची रेघ सरळ आल्याशिवाय बटण दाबवेना. फोटो असा झकास आला की उरलेली दहा जोडपी रांगेला लागली. पाच दिवस मी समुद्रात उतरलो तो फक्त मागं सरकताना. निघताना सगळ्यांनी मिळून मला टोपी दिली. माझा स्वतःचा फोटो एकच आहे. त्यात मी नाही, माझी सावली आहे, एका जोडप्याच्या पायाशी. सोबत पाठवतो.

इथं उतरलो तो भर दुपारी. बॅग घेऊन तंबूपाशी आलो आणि बाहेरच उभा राहिलो. पाय आत पडेना. आमचा स्वयंपाकी धुळा (आपल्या जतकडचाच) धावत आला. ‘सायेब, आत साप शिरलाय व्हय?’ तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लांबून आलं की उंबऱ्याबाहेर थांबायचं, आई वाईच्या घरी भाकरतुकडा आणि पाणी ओवाळून टाकायची, मगच आत. आई गेल्यावर ते तू सांगलीत चालू ठेवलंस. ताई, मी सवयीनं तुझी वाट बघत उभा होतो, दीड हजार किलोमीटर लांब, उन्हात.

धुळाला सांगितलं, तर तो म्हणाला, ‘आवं मग थांबा की, मी हाय न्हवं!’ बाजरीची भाकरी आणली, दोनदा सुलटी आणि एकदा उलटी ओवाळली, आणि वारा न बघता फेकली. तुकडा मागं फिरून माझ्याआधी तंबूत गेला. ‘ऱ्हाऊ द्या, आता नजर तुमच्याच गादीवर झोपंल,’ म्हणाला. आम्ही लय हसलो. मग तो भांड्यांकडं गेला आणि मी आत बसून थोडा रडलो. एवढं दाजींना वाचून दाखवू नकोस.

बाकी सर्व ठीक.

तुझा धाकटा,
मुकुल

ता. क. : श्रद्धाला सांग, मामानं अंदमानात खूप मजा केली.

आणखी ता. क. : पुढच्या महिन्यात पाच दिवस रजा आहे. रंग वाळला का? वासाचं मला काही वाटत नाही, आणि जागा नसली तर गच्चीवर झोपेन. तंबू माझ्याकडं आहे.

शेवटचा ता. क. : तेही जमणार नसेल तर आत घेऊ नकोस. दारात ये, तुकडा ओवाळून टाक, मी तिथूनच परत फिरेन. (हे मागं घेतो. फिरणार नाही.)