शुक्रवारचा सॉना

२९ जानेवारी, सोमवार
आजपासून ही वही. आरोग्य केंद्राच्या दोन वर्षांच्या कार्यक्रमात नंबर लागला. म्हातारपणी विसरभोळेपणा येऊ नये म्हणून काठ्या घेऊन चालायचं, मासे खायचे, मीठ तोडायचं, कॉम्प्युटरवर कोडी सोडवायची. खरं तर हे सगळं सिल्वीसाठी. बायको आहे, एकटी कशी जाईल? हल्ली एकच गोष्ट चार-चारदा सांगते. मला काय धाड भरलीये? टपाल खात्यातून रिटायर होऊन आठ वर्षं झाली, तरी कुओपिओ शहरातले सगळे पिनकोड तोंडपाठ. बाबांचं शेवटी काय झालं ते या वहीत लिहिणार नाही.

३१ जानेवारी
चालणं रद्द. बाहेर उणे अठरा अंश. घसरून कंबर मोडली तर शाबूत मेंदू घेऊन करायचं काय? कॉफी, दोन वेलचीपाव. उद्यापासून नक्की.

२ फेब्रुवारी, शुक्रवार, संध्याकाळी ७.३०
बिल्डिंगच्या तळघरातल्या सॉनात, म्हणजे वाफ घ्यायच्या खोलीत, शुक्रवारी सहाची पाळी आमची, एकतीस वर्षं. सिल्वी आली नाही, दारातून काहीतरी म्हणाली. खाली जातो तर तिसऱ्या मजल्यावरचा एन्सिओ वरच्या फळीवर उघडाबंब बसलेला. मी बोललो नाही. तोही नाही. सरकून मलाच जागा दिली. चोर तो चोर, वर शिरजोर.

६ फेब्रुवारी
नर्स हेन्नाने दहा शब्द लक्षात ठेवायला दिले. सिल्वीला नऊ आठवले, मला चार. शब्द आठवतात हो अशा लोकांना, संसारातलं आठवत नाही.
कंटाळा आला. चालणं उद्या.

९ फेब्रुवारी, शुक्रवार
पुन्हा एन्सिओ. गप्प बसून दगडांवर पाणी ओतत होता.
सिल्वीने फ्रीजवर चिठ्ठ्या चिकटवायला सुरुवात केलीये. एक सॉनाबद्दलची दिसली. वाचली नाही. बिचारी स्वतःसाठी लिहिते, आपण कशाला डोकावायचं.

१२ फेब्रुवारी
जिन्याखालच्या बोर्डावर चिठ्ठी लावली: ‘काही लोक दुसऱ्यांच्या पाळीत सॉनात बसतात. लाज बाळगावी.’ खाली सही नाही. आपल्या बिल्डिंगीत कुणीच करत नाही.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार
एन्सिओ आहेच. आज सॉसेज भाजून आणला होता, अर्धा मला दिला. लाच. खाल्ला. मीठ फार होतं.

१९ फेब्रुवारी, सोमवार
माझ्या चिठ्ठीशेजारी सेक्रेटरीबाईंनी पाळ्यांची यादी लावली. शुक्रवार सहा: एन्सिओ. शनिवार पाच: आम्ही. एक फेब्रुवारीपासून. शेजारी पाळी बदलून मागणारा अर्ज. अक्षर माझं, सही माझी.

सिल्वीला विचारलं, मला सांगितलं का नाहीस.
“सांगितलं, रेइनो. पाच वेळा सांगितलं.”
रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. एन्सिओने तरी तोंड उघडायचं होतं, म्हणालो. तर म्हणे पहिल्याच शुक्रवारनंतर ही वर जाऊन त्याला सांगून आली, की आला तर बसू दे त्याला.

मग खणातून आरोग्य केंद्राचं पत्र काढलं. चाळीस वर्षं टपाल वाटलं, पण पाकिटावरचं नाव नीट वाचलं नव्हतं. नाव माझं. फक्त माझं. सिल्वी सोबत येते, एवढंच.
बाबाही असंच म्हणायचे, की आई विसरते.
भीती वाटते.

२० फेब्रुवारी, मंगळवार
बोर्डावरची चिठ्ठी काढली.
चाललो. काठ्या घेऊन दोन किलोमीटर, तळ्याच्या कडेने. सिल्वी बरोबर. वाटेत तिने काहीतरी सांगितलं. परत सांग म्हणालो, या वेळी नीट ऐकलं. घरी गेल्यावर लिहून ठेव म्हणाली. ठेवतो म्हणालो.
तेच लिहायला वही उघडली आहे, आणि आठवत नाही. ती आत कॉफी करते आहे. पुन्हा विचारायला हवं.