माझ्या मानाचं ताट

प्रिय लोव्रे,

फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. आईकडून निरोप पाठवलास, "विंकाचा राग उतरला की बोलू." माझा राग उतरायची वाट बघत बसलास तर तुझ्या नातवंडांची लग्नं होतील, एवढं ध्यानात ठेव. आणि हे पत्र चुलीत घालण्याआधी शेवटपर्यंत वाच. तासाभराची फिल्म एकही जांभई न देता बघितलीस, मग बहिणीची दोन पानं काही जड नाहीत.

गावात फिल्म दाखवायची हौस माझीच. समुद्रावर माहितीपट काढण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, कुठल्याकुठल्या शहरांत ते दाखवले, पण खरी धास्ती वाटली ती आपल्या धक्क्यावर पडदा बांधताना. बार्बा निक्शाने खाणावळीचे बाक दिले, पाद्रीबाबांनी चर्चच्या खुर्च्या दिल्या. हातोड्यांनी फोडलेले खडक पडद्यावर आले तेव्हा बायका चुकचुकल्या. आणि शेवटी संत रोकोच्या देवळाखालचा आपला कडा आला, पाण्याखाली सलग उभा, पंख्यासारख्या पसरणाऱ्या लाल पोवळ्यांनी, समुद्रपंख्यांनी भरलेला. "आपल्या किनाऱ्यावर हा एवढाच शाबूत उरलाय, याला तरी हात लावू नका," हे मी माझ्याच आवाजात म्हटलं होतं. सगळं गाव टाळ्या वाजवत उभं राहिलं. तुझी शिट्टी मी ओळखली. मूर्खासारखे डोळे भरून आले माझे.

मग जेवण. बार्बा निक्शाने खाणावळीचं दार आतून लावलं, पडदे ओढले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. आपल्याकडे दार कधी लावतात ते काय शेंबड्या पोराला सांगायला हवं? बिशप आला, मंत्री आला, जावई पहिल्यांदा जेवायला आला, की दार लागतं आणि फडक्याखालून ताट येतं. तसंच आलं. पांढरी वाइन, लसूण, पार्स्ली, आणि त्यात बोटाएवढे तपकिरी शिंपले. प्रस्तात्सी! खडकाच्या पोटात वाढणारे, काढायलाही कायद्याने बंदी असलेले. बार्बा म्हणतो, "विंका पोरी, बाजारात सोनं मिळेल, हे मिळायचं नाही. आणि तुझ्या भावाने स्वतः काढलेत हो!" तू इस्त्रीचा शर्ट घालून मागे उभा, नवऱ्यामुलासारखा लाजत.

अरे देवा! ज्या शिंपल्यासाठी खडक फोडतात म्हणून मी तासभर ओरडले, तोच शिंपला माझ्या सन्मानाला? मी एकेकाचा चेहरा न्याहाळला. कुणी टोमणा मारत असतं तर बरं झालं असतं, मीही दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. पण सगळे कसे प्रेमाने बघत होते! "एकदाच तर, बाई." "आपल्या माणसाला मान द्यायचा नाही तर कुणाला द्यायचा?" "अगं, ती फिल्म बाहेरच्यांसाठी. ते लुटून नेतात त्यांच्यासाठी." म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, आणि वर घड्यालाच कौतुक की किती छान पाणी ओतलं!

मी विचारलं, कुठून काढलेस? तू छाती फुगवून म्हणालास, "तुझ्याच कड्यावरून! ईस्टरला घरी कच्ची फिल्म दाखवलीस ना, तेव्हाच कळलं तिथे अजून आहेत."

तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ताट मोरीत ओतलं, ओतलं! आई अजून म्हणते अन्नाचा अपमान केलास. तू म्हणालास, "मेलेलेच होते, टाकून काय जिवंत होणार?" आणि दारापर्यंत मागे येऊन वर, "तू समुद्राच्या नावावर बक्षिसं खातेस ते चालतं, आम्ही दोन शिंपले खाल्ले की पाप!" ते वाक्य मला अजून टोचतं. टोचणारच, कारण त्यात थोडं खरं आहे. पण बक्षीस खायला खडक फोडावा लागत नाही, लोव्रे.

आणि हे मला कुणी शिकवलं? आईची बोलणी खाऊन मला पहिल्यांदा पाण्याखाली नेलंस तू, त्याच कड्यापाशी. माझ्या हातून समुद्रपंख्याची एक फांदी मोडली, तर वर आल्याआल्या कानाखाली वाजवलीस. "वाढायला किती वर्षं लागतात ठाऊक आहे? हात लाव, बघ, पण मोडायचं नाही." आजवर मी जे काही केलं ते त्या एका थपडेच्या जिवावर. ती मारणारा हात हातोडा घेऊन तिथेच उतरला, तोही माझ्या प्रेमापोटी! तू चोर असतास तर तुला ओळखणं बंद केलं असतं. प्रेमाने केलंस म्हणून जास्त संताप होतो, त्याचं काय करू सांग.

काल मी स्वतः खाली गेले. देवळाखालची भिंत खरवडलेल्या पातेल्यासारखी पांढरी झाली आहे. समुद्रपंखे तळाशी पडलेत. आणि ते सगळं काही तुझं काम नाही. फिल्मनंतर तिथे आणखी होड्या लागल्या, गावातल्याच. त्यातला एक मला बघून हात हलवून म्हणतो, "विंका, झकास जागा दाखवलीस हो!" लाज म्हणजे काय ते ठाऊक नाही मेल्यांना. पण पत्ता मीच पडद्यावर दिला ना? इतकी वर्षं या धंद्यात काढून एवढी अक्कल नव्हती मला. बोटाएवढे प्रस्तात्सी व्हायला माझ्या वयाइतका काळ लागतो आणि खडक उघडा पडला की आपल्या हयातीत पुन्हा भरत नाही. तू आणि मी, दोघांनी मिळून तो घालवला.

आता का लिहिते ते सांगते. फिल्म मी थांबवली आहे. तिचा शेवट नव्याने करायचा आहे, त्या फुटक्या भिंतीसमोर, आणि तिथे तू बोलायला हवा आहेस. काय फोडलंस, कसं फोडलंस, कुणासाठी फोडलंस, सगळं. दंड होईल, होडीचा परवानाही जाईल कदाचित, खोटा धीर देत नाही. नाही म्हणालास तर तुझं नाव माझ्या तोंडून कधी निघणार नाही, फिल्म तुझ्याशिवाय होईल आणि नाताळला मी नेहमीसारखी जेवायलाही येईन. पण मी बोलले तेव्हा गावाने टाळ्या वाजवल्या आणि सकाळी हातोडे घेऊन निघालं. तू त्यांच्यातला आहेस. तू बोललास तर टाळी वाजवायला कुणाचे हात उठणार नाहीत. रविवारी चर्च सुटल्यावर कॅमेरा घेऊन धक्क्यावर उभी आहे. ये.

अजून धुमसणारी, तरीही तुझीच,
विंका